आखाजीची ड्युटी

नर्सने दिवाळी अंकात लिहायचं म्हटलं की संपादकांना सेवा हवी असते, त्याग हवा असतो, आणि शेवटच्या घटकेला सिस्टरचा हात धरून ठेवणारा एक म्हातारा पेशंट हवा असतो. माझ्याकडे तसा माल नाही. पंचवीस वर्षांत माझा हात ज्यांनी ज्यांनी धरला, त्यातले बहुतेक सलाइन उपसून घरी पळायच्या बेतात होते. त्यामुळे मी वेगळं लिहिते. चव्वेचाळिसाव्या वर्षी धुळं सोडून मी जळगावात नोकरी शोधली, त्याबद्दल.

धुळं का सोडलं ते आधी सांगायला हवं. मी मंगला नावाच्या बाईबरोबर राहते. लोक तिला माझी मैत्रीण म्हणतात, मावसबहीण म्हणतात, रूम पार्टनर म्हणतात. ज्याला जे सोयीचं वाटतं ते तो म्हणतो. आम्ही दोघी नवराबायको राहतात तशा राहतो. धुळ्यातल्या देवपूरला अकरा वर्षं राहिलो, आता जळगावला राहतो. मंगला मूळची पहूरची. एकोणिसाव्या वर्षी लग्न, एकविसाव्या वर्षी सोडचिठ्ठी, त्यानंतर शिलाई मशीन. देवपूरला तिचं फॉल-पिकोचं आणि ब्लाउज शिवायचं दुकान होतं आणि ते माझ्या नोकरीपेक्षा बरं चालायचं.

एका दिवाळीच्या आधी मंगलाला डेंग्यू झाला. मी तिला माझ्याच हॉस्पिटलात दाखल केलं. प्लेटलेट उतरत होत्या, बाहेरून आणून चढवायच्या होत्या, आणि त्यासाठी संमतीपत्रावर नातेवाईकाची सही लागत होती. पेशंट शुद्धीवर असेल तर त्याची स्वतःची सही कायद्याला पुरते, पण आमच्या भागातल्या कुठल्याही हॉस्पिटलला ती पुरत नाही. उद्या काही झालं तर भांडायला येणारा माणूस कोण, त्याचीच सही आधी घेऊन ठेवायची, असा तो हिशेब असतो. मी पहूरला तिच्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, "कापूस वेचणी चालू आहे सिस्टर, परवा निघतो." परवापर्यंत थांबायला प्लेटलेट तयार नव्हत्या. मी सही केली.

सहीच्या पुढे रकाना होता: पेशंटशी नाते. तिथे मी "जोडीदार" लिहिलं.

यात शौर्य काही नव्हतं. "मैत्रीण" लिहून भागलं असतं. पण नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून आमच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवलेली असते: केसपेपरवर एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही आणि जे आहे तेच लिहायचं. जे लिहिलं नाही ते केलं नाही, असं धरतात. डोकं दुसरीकडे असलं की हात सवयीने चालतो. माझा चालला. शिक्षिकेने किंवा बँकेतल्या बाईने ही चूक केली नसती.

आठ दिवसांनी मंगला बरी होऊन घरी गेली आणि मला मॅडमचं बोलावणं आलं. मॅडम म्हणजे डॉक्टरांची बायको. शिक्षण बी.कॉम., पण हॉस्पिटल त्याच चालवायच्या. त्यांच्यासमोर तो कागद होता.

"शैला, हे काय लिहिलंयस?"

"नातं."

"म्हणजे धंद्यात पार्टनर का?" बिचारीने मला निसटायला दार उघडून दिलं होतं.

"तिचं पिकोचं दुकान आहे मॅडम. मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही."

मॅडमनी कागद फाइलमध्ये घातला. मग म्हणाल्या, "आपल्याकडे बायका-मुली ॲडमिट असतात गं. त्यांच्या घरच्यांचा विचार करावा लागतो."

चौदा वर्षं मी त्या बायका-मुलींना एनिमा दिले होते, टाके साफ केले होते, लाज वाटते म्हणून डॉक्टरांना न सांगितलेली दुखणी त्यांनी मला सांगितली होती. एकीचीही तक्रार नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून माझी बदली पुरुषांच्या वॉर्डात झाली. म्हणजे इतकी वर्षं जी अविवाहित बाई पुरुषांच्या वॉर्डात एकटी नको म्हणून जपली होती, तीच आता तिथे सुरक्षित ठरली. हे सगळं ठरवणारी माणसं शिकलेली होती. एकालाही हसू आलं नाही.

चार महिने मी तिथे काढले. काम तेच होतं. बदललं होतं ते चहाच्या वेळी टेबलाभोवतीचं बसणं. मी आले की दोघी-तिघींना एकदम काम आठवायचं. शेवटी राजीनामा लिहून दिला. मॅडमनी विचारलं, "कुठे जाशील?"

"जळगावला."

"जळगाव काय लांब आहे?" असं म्हणून त्या हसल्या. धमकी इतक्या गोड आवाजात द्यायला बी.कॉम.च लागतं.

गोष्ट सगळ्या गावात पोचली आणि गावाकडून आईचा फोन आला. "बठ्ठा गावले समजी गयं. आते काय करशी?"

"नोकरी करसू. दुसरं काय?"

"तेच ईचारस," असं म्हणून तिने फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

जळगावात खोली मिळवायला आम्हाला अर्धा दिवस लागला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण लोक समजतात तिथेच आमची सगळी अडवणूक झाली असेल. घरमालक नाना म्हणून होते, एसटीतून निवृत्त झालेले, खालच्या मजल्यावर राहायचे. त्यांना कॉलेजची पोरं नको होती, नवीन लग्न झालेलं जोडपं नको होतं, आणि दारू पिणारा कुणीच नको होता. चाळिशीच्या दोन बायका बघून त्यांना हायसं वाटलं.

"बहिणी-बहिणी का?" त्यांनी विचारलं.

"नाही नाना," मंगला म्हणाली.

"बरं. पाणी एक दिवसाआड येतं. टाकी भरली की मोटर बंद करायची."

एवढीच चौकशी. दोन बायका एकत्र राहतात यात बघण्यासारखं काही असू शकतं, हे आपल्या समाजाच्या डोक्यात येतच नाही. अपमान म्हणावा तर अपमानच आहे. पण खोली स्वस्त होती आणि वारा चांगला येत होता.

नोकरीचं मात्र तसं नव्हतं. पहिलं हॉस्पिटल हायवेवरचं, काचेचं. मुलाखतीला पंचविशीतला एक टायवाला बसला होता. त्याने विचारलं, "मॅडम, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"वॉर्डात."

त्याने ते लिहून घेतलं. मग "मॅरिटल स्टेटस?"

"अविवाहित."

"म्हणजे डिव्होर्सी?"

"अविवाहित म्हणजे अविवाहित."

"म्हणजे विडो नाही?"

या मुलाच्या हातात दोनशे माणसांची भरती होती. वीस वर्षांचा अनुभव कुठल्या वॉर्डातला, व्हेंटिलेटरवर काम केलंय का, यातलं त्याने काहीही विचारलं नाही. "कळवतो" म्हणाला. अजून कळवतोय.

दुसरं एक प्रसूतिगृह. डॉक्टरबाई चांगल्या होत्या, त्यांना माझा अनुभव पटला. पण बाजूला त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. सगळ्या मुलाखतींना त्या बसत असाव्यात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "लगीन का नाही केलं गं बाई? आमच्या नात्यात एक बिजवर शे, जामनेरला. चांगला माणूस. पोरी दोन्ही दिल्या. बागायती शे."

मी म्हटलं, "अक्का, मी नोकरीसाठी आलेय."

"नोकरी काय, होईल. आधी त्याचा नंबर लिहून घे."

नोकरी मागायला गेले आणि स्थळ घेऊन बाहेर आले. नंबरचा कागद मी मंगलाला दिला. तिने त्यावर एका गिऱ्हाइकाचं माप लिहिलं.

तिसरं हॉस्पिटल मध्यवस्तीतलं, पस्तीस खाटांचं, एका सर्जनचं. तिथे तीन दिवसांची ट्रायल होती. ट्रायल म्हणजे तीन दिवस फुकट काम करायचं आणि मग ते सांगणार पसंत की नापसंत. खाजगी हॉस्पिटलांत हा रिवाज आहे आणि त्याला कुणी वेठबिगारी म्हणत नाही, कारण आम्ही पांढरे कपडे घालतो. इन्चार्ज होत्या पुष्पाताई. वय चोपन्न, भुसावळहून रोज ये-जा, आवाज असा की इंटरकॉमची गरज पडू नये. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "हे बघ धुळेवाली, तुझ्या तिकडच्या पद्धती तिकडे. इथे मी सांगीन तसं."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी ओव्हर घेतला, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंट ताब्यात घेतले. सात नंबरला यावलकडचे एक आबा होते, केळीवाले, प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन दीड दिवस झालेला. अशा पेशंटला लघवीची नळी असते, आणि दर चार तासांनी पिशवीत किती जमलं ते चार्टवर लिहायचं असतं. बाहेरच्या माणसाला हे काम किळसवाणं वाटतं. पण ऑपरेशननंतर माणूस कुठल्या दिशेने चाललाय हे त्या आकड्यांवरून आधी कळतं, त्याच्या चेहऱ्यावरून फार नंतर. आबांच्या चार्टवर सुंदर अक्षरात तीनशे, तीनशे, तीनशे असं लिहिलं होतं. सारखा तीनशेचा आकडा मी तरी कुठल्या जिवंत माणसाचा पाहिला नाही. खाली वाकून बघितलं तर पिशवीत चूळ भरण्याइतकंही नव्हतं.

"पिशवी तुम्ही खाली केली का भाऊ?" मी त्यांच्या मुलाला विचारलं.

"नाही बाई. कालपासून हातच नाही लावला कोनी. आबाले झोप नाही, सारखे कण्हू राहिले. इथल्या बाईले सांगलं तर ती म्हने दुखतंच."

ओटीपोटावर हात ठेवला. कच्च्या पपईसारखं टणक. रक्ताची गुठळी अडकून नळी बंद पडली होती आणि चार्ट मात्र वाहत होता.

पेशंटकडे न बघता टेबलाशी बसून चार्ट भरणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा आहे आणि तो सगळ्यांनी केलेला आहे. मीही केलाय. धुळ्याला एकदा तीस पेशंटवर एकटी होते आणि एका लहान मुलीचा ताप थर्मामीटर न लावता "नॉर्मल" लिहिला. तासाभराने तिला झटका आला. पोरगी वाचली, पण तिच्या आईने माझे आभार मानले तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटलं. त्या मुलीचं नाव मला अजून पाठ आहे.

मी चार्टवर वेळ घातली आणि शून्य लिहिलं. मग सरांना फोन केला. पुष्पाताई धावत आल्या. ते तीनशे त्यांच्याच अक्षरातले होते; रात्रीचे रिकामे रकाने त्यांनी सकाळी आल्या आल्या भरले होते.

"मला आधी सांगायचं ना! डायरेक्ट सरांना?"

"तुम्ही नाश्त्याला गेला होतात."

सर आले, मोठ्या सिरिंजने नळी धुतली, गुठळ्या निघाल्या आणि लिटरभर लघवी झाली. आबांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला आणि मला म्हणाले, "बाई, तू कोन्या गावची?" सरांनी चार्ट बघितला, तो पुष्पाताईंच्या हातात दिला आणि निघून गेले. माझी नोकरी गेली असं मी धरून चालले. ट्रायलमधल्या बाईने इन्चार्जचं नाक कापायचं नसतं.

त्यावर कळस म्हणजे तिसऱ्या दिवशी दुपारी धुळ्याहून फोन आला. खान्देशातले डॉक्टर सगळे एकमेकांना ओळखतात. जे ओळखत नाहीत ते एकमेकांचे साडू असतात. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सिस्टर, बसा. तुमच्या आधीच्या मॅडमचा फोन होता."

"तीन दिवस लागले त्यांना. मला वाटलं होतं लवकर येईल."

सर जरा गडबडले. "त्या जे म्हणाल्या ते..."

"त्या काय म्हणाल्या ते मी ऐकलं नाही. मी मंगलाबरोबर राहते हे खरं आहे. कामाबद्दल काही म्हणाल्या का?"

"काम उत्तम म्हणाल्या."

"मग?"

"माझं वैयक्तिक काही नाही हो. पण स्टाफचं बघावं लागतं."

वैयक्तिक काही नाही असं म्हणणाऱ्या माणसाइतका भित्रा माणूस मी ऑपरेशन थिएटरमध्येही पाहिला नाही. मला त्या वेळी त्याचा राग येण्याइतकीही सवड नव्हती. मंगलाने देवपूरचं दुकान सोडलं होतं. अकरा वर्षांची गिऱ्हाइकं सोडून ती नानांच्या वरच्या खोलीत मशीन मांडून बसली होती, आणि तिच्याकडे आतापर्यंत एकच ब्लाउज आला होता, तोही नानांच्या सुनेचा. इथून नकार मिळाला असता तर तो फोन उरलेल्या हॉस्पिटलांतही माझ्या आधी पोचला असता. परत धुळ्याला जायला तोंड नव्हतं.

सरांनी निर्णय घ्यायचं टाळायला पुष्पाताईंना बोलावलं. त्या ड्युटीचं रजिस्टर छातीशी धरून आल्या.

"पुष्पाताई, तुम्हाला कळलंय का?"

"अख्ख्या हॉस्पिटलला कळलंय सर. फोन आधी रिसेप्शनवर आला होता."

"मग तुमचं काय म्हणणं आहे?"

पुष्पाताईंनी माझ्याकडे बघितलं. "काल हिने माझी इज्जत घालवली," त्या म्हणाल्या. मी उठायच्या तयारीत होते. त्यांनी रजिस्टर टेबलावर आपटलं. "पण सर, आखाजी बारा दिवसांवर आलीय. चौदा पोरींपैकी अकराजणींचे अर्ज आलेत."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकी महाराष्ट्राला ती सोनं घेण्यापुरती माहीत असेल. खान्देशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते, झोका बांधते, गाणी म्हणते, आणि तिला नेलं नाही तर भाऊ तोंड दाखवू शकत नाही. दिवाळीला एखादी नर्स ऐकेल, आखाजीला ऐकत नाही. नोकरी सोडते आणि जाते. नेमकी तेव्हा लग्नसराई, उन्हाचा कडाका, त्यामुळे उलट्या-जुलाब आणि अपघात यांनी वॉर्ड भरलेले. इन्चार्ज बाई ते तीन दिवस कसे काढते हे तिचं तिला माहीत. पुष्पाताई स्वतः सहा वर्षं आखाजीला चोपड्याला, माहेरी गेल्या नव्हत्या.

त्यांनी माझी उलटतपासणी सुरू केली.

"माहेर?"

"आहे. बोलावत नाहीत."

"सासर?"

"नाही."

"पोरंबाळं?"

"नाही."

"घरी वाट बघणारं कुणी?"

केबिनमधल्या तिघांनाही मंगलाचं नाव ठाऊक होतं. तेच तर बोलणं चाललं होतं. तरी तो प्रश्न त्यांनी विचारला आणि मी म्हटलं, "नाही."

"आखाजीला सुट्टी मागशील?"

"नाही."

"सर," पुष्पाताई रजिस्टर उचलत म्हणाल्या, "ही मला पाहिजे."

अशी मला नोकरी मिळाली. काळ बदलतोय, समाज पुढे चाललाय, असं व्याख्यानांतून ऐकते तेव्हा मला ते रजिस्टर दिसतं. धुळ्याला ज्या गोष्टीसाठी वॉर्डातून हाकललं, तीच जळगावला उपयोगी पडली, कारण तिच्यामुळे तीन दिवस फुकटात झाकले जात होते. मला पसंत करणाऱ्यांत आणि नापसंत करणाऱ्यांत फरक होता तो फक्त नर्सच्या संख्येचा.

घरी येऊन मी मंगलाला सगळं सांगितलं. त्या "नाही"सकट. ती मशीनवर होती. तिने पाय थांबवला नाही. म्हणाली, "बरं केलंस. नोकरी महत्त्वाची." मग दोन दिवस ती माझ्याशी पाण्याच्या मोटरीपलीकडे काही बोलली नाही. मी संमतीपत्रावर खरं लिहिलं ते सवयीने, आणि केबिनमध्ये खोटं बोलले ते पूर्ण शुद्धीत. याची टोचणी मला राहिली. नोकरी सोडण्याइतकी मोठी नव्हती, पण राहिली.

पहिल्या वर्षी आखाजी मी काढली. दुसऱ्या वर्षी काढली. तोपर्यंत राखी, भाऊबीज, गौरी, सगळंच माझ्या नावावर चढलं होतं. रजिस्टर लिहिताना पुष्पाताई सणाच्या रकान्यात आधी "शैला" लिहायच्या, मग इतरांना विचारायच्या. आमचं तोवर बरं जमलं होतं. त्या दर आखाजीला चोपड्याहून माझ्यासाठी सांजोऱ्या आणायच्या. डबा एकच, एकट्या माणसाला पुरेल एवढा असायचा.

तिसऱ्या वर्षी आखाजीच्या महिनाभर आधी मी अर्ज दिला. तीन दिवस रजा. पुष्पाताईंनी तो उभ्या उभ्या वाचला.

"तुला कशाला गं सुट्टी? माहेरी बोलावलं का?"

"नाही."

"मग जाणार कुठे?"

"कुठे नाही. घरी मंगला आहे."

"ती तर रोजच असते!"

"तुमचे यजमान पण रोजच असतात ताई. तरी त्यांच्या नावाने तुम्ही वर्षाला आठ सुट्ट्या घेता."

"अगं पण मग तुला घेतलं कशाला?" त्या ओरडल्या. वॉर्डातले चार नातेवाईक दारात येऊन उभे राहिले. इतकं सरळ मला आजवर कुणी बोललं नव्हतं, म्हणून मी चिडले नाही.

"तेव्हा मी खोटं सांगितलं. वाट बघणारं कुणी नाही म्हटलं. होतं. आता रजा द्या, नाहीतर हायवेवरच्या काचवाल्यांना सहा नर्स हव्या आहेत, पाटी लावलीय."

अर्ज सरांकडे गेला. सरांचं वैयक्तिक काही नव्हतं. त्यांनी तो परत पुष्पाताईंकडे पाठवला. आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी रजिस्टर माझ्यासमोर टाकलं. तीनऐवजी दोन दिवस मंजूर, आणि त्या दोन्ही दिवशी सकाळच्या पाळीला माझ्या जागी लिहिलं होतं: पुष्पा.

"चोपड्याला नाही जाणार?" मी विचारलं.

"तिसऱ्या दिवशी जाईन. तू गप बस."

आखाजीला आम्ही खरंच कुठे गेलो नाही. आमच्या खोलीतच आता मंगलाचं दुकान चालायचं; तिने दाराला आतून कडी लावली. साडेआठला उठलो. आंबे पिळले, पुरणाच्या पोळ्या केल्या, त्यातली एक माझ्या हातून फाटली. खाली नानांच्या नाती लिंबाला झोका बांधून ओरडत होत्या.

"एवढ्यासाठी भांडलीस?" मंगला म्हणाली.

"हो."

"वेडी आहेस." तिने दुसरी वाटी रस माझ्यापुढे सरकवली.

अकराच्या सुमाराला पुष्पाताईंचा फोन आला. मागे कुणाची तरी पोर रडत होती. "शैला, नऊ नंबरची म्हातारी टाके काढू देत नाही. म्हणते, ती धुयानी बाई कोठे शे, तिलेच बोलाव. म्हणजे तुला. तू अर्ध्या तासासाठी..."

"परवा येते ताई. आठ वाजता," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.